शिरोलीहून आलेलं पद

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता पुण्यात, बाणेर रस्त्यावरच्या एका सल्लागार कंपनीच्या स्वागतकक्षात, शिरोलीच्या एका फौंड्रीतलं 'उत्पादन सुधारणा प्रमुख' हे पद येऊन बसलं. हेमांगी हुपरीकर यांना भेटायचं आहे, असं त्याने सुरक्षारक्षकाला सांगितलं. रक्षकाने नियमाप्रमाणे त्याला पाहुण्यांचा पास दिला.

या धंद्यात रिकामं पद माणसाला न्यायला स्वतः येतं. बँकांची पदं गाडीतून, अत्तर लावून येतात आणि घाईघाईने जातात, कारण खाली ड्रायव्हर थांबलेला असतो. औषध कंपन्यांची पदं आधी वेळ घेतात. हे पद एसटीने आलं होतं. अंगाला जळक्या वाळूचा वास होता, मांडीवर जेवणाचा डबा होता. सोफ्याला डाग पडू नये म्हणून ते अगदी कडेला बसलं. तरीही मी ही हकीकत लिहायला गेलो तेव्हा कंपनीतल्या एका साहेबांनी माझ्याकडे तक्रार केली, की समोर मोठा क्लायंट बसलेला असताना असला वास बरा दिसत नाही.

हेमांगी हुपरीकर धातुशास्त्र शिकलेल्या. या कंपनीत त्यांची नऊ वर्षं गेली. सिमेंटवाल्यांना, साखरवाल्यांना, टायरवाल्यांना त्यांनी काय बंद करा, काय वाढवा, कोणाला काढा हे सांगितलं. सांगायचं आणि निघून यायचं. सांगितलेलं चाललं की फसलं हे बघायला कोणी थांबत नाही, तोवर पुढचा क्लायंट लागलेला असतो.

"मला एकदा थांबून बघायचं होतं," असं त्या मला म्हणाल्या. त्यांची मागणी एवढीच होती.

त्या खाली आल्या तेव्हा पद उठून उभं राहिलं. त्याने काही लपवलं नाही. पगार इथल्यापेक्षा कमी. केबिनची खिडकी साचेखात्याकडे उघडते, त्यामुळे धूळ येते. हाताखाली चाळीस माणसं, त्यातली निम्मी तोंडाळ. क्वार्टरच्या मागे फणसाचं झाड आहे, पण फणस शेजारी नेतात. एक गोष्ट मात्र त्याने छाती पुढे काढून सांगितली.

"भट्टी बंद करायची सही माझी हाय, मॅडम. दुसऱ्या कुणाची चालत न्हाई."

"मालकांचीसुद्धा नाही?"

"मालक येत्यात, बघत्यात, जात्यात. सही माझी."

पद आठ महिने रिकामं होतं, तरी ही सही तेच करत होतं. संध्याकाळची गाडी पकडून ते परत जायचं ते त्यासाठीच. हेमांगी हुपरीकरांच्या मनाने तिथेच होकार दिला होता. तोंडाने मात्र त्या म्हणाल्या, की हातातला प्रोजेक्ट संपला की येते.

"या की. गडबड न्हाई," पद म्हणालं. "पर लई बी लांबवू नका. रिकामं पद कुणाच्या तरी नजरेत येतं."

त्यांचे वरिष्ठ भागीदार राजस केतकर यांना ही भेट कळली. त्यांनी हेमांगीबाईंना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं आणि फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक रेघ बाजारातल्या किमतीची, दुसरी कंपनीतल्या वर्षांची. त्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे नोकरी सोडायची. आणि त्या छेदतात भागीदारीचा निकाल लागल्यावर, म्हणजे यंदा कोणाला भागीदार करायचं ते ठरल्यावर, त्याआधी नाही. "आत्ता गेलीस तर एक फौंड्री मिळेल," केतकर म्हणाले. "निकालानंतर गेलीस तर पाच फौंड्र्यांचा मालक दारात उभा राहील. पदं काय, येतच असतात." या रेघा ते सगळ्यांसाठी काढतात. ते स्वतः एकवीस वर्षांत कुठे गेलेले नाहीत. तुमच्या रेघा कुठे छेदतात, असं मी विचारलं. ते म्हणाले, फळा पुसलाय.

मग प्रोजेक्ट संपला, पण वार्षिक मूल्यमापन जवळ आलं होतं. ते झालं, तर निकाल जवळ आला होता. प्रत्येक वेळी पद एसटीने आलं आणि सोफ्याच्या त्याच कडेला बसलं. प्रत्येक वेळी हेमांगीबाई खाली येऊन थोडं थांबा म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. पाच फौंड्र्यांची त्यांना हाव नव्हती. पण नऊ वर्षं दुसऱ्यांना योग्य वेळ सांगणाऱ्या माणसाला स्वतः चुकीच्या वेळी निघणं लाजिरवाणं वाटतं. या लाजेवर ही कंपनी चालते, असं माझं मत आहे.

रक्षकाशी पदाची ओळख वाढली. तो त्याला शिरोलीकर म्हणू लागला.

"काय शिरोलीकर, आज तरी नेताय का?"

"वर निरोप धाडलाय."

"निरोपच धाडा. नवरदेवाला मांडवात बसवून नवरी परीक्षेला गेलीय तुमची."

पद हसलं, पण ते वाळत चाललं होतं. चाळीसातली बारा माणसं शेजारच्या खात्याने ओढली होती. खिडकीपुढे कोणीतरी कपाट लावलं होतं. रिकाम्या पदाचं असंच होतं, शेजारची पदं त्याचे लचके तोडतात. सही तेवढी कोणी नेली नव्हती. तिच्यासोबत जबाबदारी येते, आणि ती कोणालाच नको होती.

आता या कंपनीची एक पद्धत सांगायला हवी. एका गटाचा क्लायंट कोण, हे ते दुसऱ्या गटाला सांगत नाहीत. क्लायंटला फुलाचं नाव देतात. दुसऱ्या गटातल्या जाणकाराचं मत हवं असेल तर त्याच्याकडे नुसता प्रश्न जातो. या व्यवस्थेला ते भिंत म्हणतात आणि तिचा त्यांना फार अभिमान आहे.

फेब्रुवारीत चौथ्या मजल्यावरच्या दुसऱ्या गटाकडून हेमांगीबाईंकडे 'प्रकल्प बकुळ' या नावाने प्रश्न आला. कंपनीत धातूचं कळणाऱ्या त्या एकट्याच. मध्यम आकाराचा कारखाना, सुधारणेचं एक पद बरेच महिने रिकामं, कामं शेजारच्या खात्यांनी वाटून घेतलेली, उत्पादनात घट नाही. पद ठेवावं की रद्द करावं? असले प्रश्न त्यांनी पूर्वी डझनभर सोडवले होते. ज्याच्यावाचून इतके महिने काही अडलं नाही ते पद लागत नाही, असं त्यांनी दोन बैठकांच्या मधल्या वेळात कळवलं. ते कशामुळे अडलं नाही, हा रकाना प्रश्नात नव्हता. भट्टीच्या सहीचाही नव्हता. त्यांच्या साच्यात तो नसतोच.

त्या वेळी पद खाली सोफ्यावरच होतं. उत्तर पाठवून झाल्यावर हेमांगीबाईंनी त्याच्यासाठी चहा पाठवला.

निकालाच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी रेघा सोडून दिल्या. केतकरांना जाऊन राजीनामा दिला, लॅपटॉप परत केला आणि खांद्याला पिशवी लावून खाली आल्या. पद बसलेलं होतं. या वेळी ते उठलं नाही. अकरा वाजल्यापासून ते गप्प आहे, असं रक्षक म्हणाला. अकरा वाजता शिरोलीत संचालकांची बैठक होती.

"चला," हेमांगीबाई म्हणाल्या. "मी आले."

पदाने मान वर केली. आवाज जेमतेम येत होता. "मॅडम, बकुळवर मत कुणी दिलं हो तुमच्यात? मालकांनी फोनवर नाव घेतलं. म्हणाले, बकुळवरचं मत आलंय, आता इलाज न्हाई."

हेमांगीबाई त्याच्या शेजारी बसल्या. रक्षक सांगतो, की त्यांनी पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मीच."

"आसू द्या," पद म्हणालं. "तुम्हाला कुठं ठावं होतं."

थोड्या वेळाने सोफ्यावर फक्त डबा उरला. पाहुण्यांचा पास रक्षकाने नियमाप्रमाणे परत घेतला.

मी केतकरांना गाठलं. ते शांत होते. भिंत पाळली गेली, असं त्यांनी मला तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. "तिला माहीत असतं आणि तिने उत्तर बदललं असतं, तर ते गैरवर्तन झालं असतं. उत्तर बरोबर आहे." बरोबर उत्तराने एक पद मेलं आणि एक बाई बेकार झाली, असं मी म्हणालो. त्यावर ते म्हणाले, की अंमलबजावणी आमच्याकडे नसते. फौंड्रीचे मालक म्हणाले, की आम्ही सल्ला विकत घेतला आणि तो मानला, यात आमचं काय चुकलं? सहीचं काय, असं विचारल्यावर त्यांनी मला सल्लागारांकडे जायला सांगितलं. सल्लागारांनी मालकांकडे.

हेमांगी हुपरीकर दुसऱ्या दिवशी एसटीने शिरोलीला गेल्या. डबा परत द्यायचा होता, असं त्या म्हणतात. भट्टीचं अस्तर झिजलेलं होतं. ते बदलायला भट्टी थंड करावी लागते, म्हणून ओतकाम थांबवलं होतं आणि माणसं भिंतीला टेकून बसली होती; भट्टी मात्र सहीवाचून चालूच होती. ती बंद करायला कोणतं बटण दाबायचं ते हेमांगीबाईंना लांबूनच दिसलं. त्या पुढे झाल्या तेव्हा मुकादम रावसाहेब चौगुले आडवे आले.

"ताई, तुम्हाला यातलं कळतंय, ते आम्हाला बी दिसतंय," चौगुले म्हणाले. "पर सही कोण म्हणून करणार तुम्ही?"

हेमांगीबाई मागे फिरल्या. त्यांनी डबा केबिनच्या दाराशी ठेवला. त्या आता क्वार्टरच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहतात आणि रोज सकाळी कारखान्याच्या फाटकाबाहेर येऊन उभ्या राहतात. फाटकावरचा माणूस त्यांना खुर्ची देतो.

भट्टी आत काही नसताना पेटलेली आहे. अस्तर आणखी पातळ झालं आहे, आणि बाहेरचा पत्रा रात्री लाल दिसतो असं चौगुले सांगतात. ती बंद करायची सही आता कोणाची, हे सल्लागार कंपनीने सांगितलेलं नाही आणि मालकांनीही सांगितलेलं नाही.