सासू नाम, सून क्रियापद

मुलांनो, आपल्या सिहोऱ्याच्या शेजारीण शेवंताबाई एके काळी दूधवाल्याच्या नाकासमोर वांगं धरून "ब्रिंजल!" असं ओरडत. तो "नाई पायजे, काकू," म्हणून दूध मापत राही. मग त्या त्याच्या सायकलीला हात लावून "सायकल!" म्हणत, आणि हे तर आपल्याला आधीपासूनच येत होतं म्हणून खूश होत.

भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे वेगळे होऊन दोनेक वर्षं झाली होती. शेवंताबाईंच्या फौजी मुलाने कोइमतूरच्या कविताशी लग्न केलं. तिला तमिळ आणि इंग्रजी येई. शेवंताबाईंना आपली बोली आणि बाजारापुरती हिंदी. कविताला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरी ठरलं. मुलगा तिला सोडून ड्यूटीवर परतणार होता.

"पोरगी माह्याजवळ मुकी राहीन का, बाई?" म्हणत शेवंताबाई माझ्याकडे इंग्रजी शिकायला आल्या; मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवायचे.

मी शिस्तीत सुरुवात केली. नाम कोणतं, क्रियापद कोणतं. 'राइस' कशाला म्हणतात, 'ईट' कशाला. त्यांनी पदर खोचला.

"समजलं. नाम म्हनजे सासू, एका जागी बसून राहते. क्रियापद म्हनजे सून, दिवसभर करून राहते. मी सासू हाव, मले नामंच शिकवा."

"अहो, नुसत्या नामांनी वाक्य होत नाही."

"वाक्य कायले लागते? बोट हाय ना माह्याजवळ!"

कविता आली. दारात भाकरतुकडा ओवाळत शेवंताबाई गरजल्या, "फूट! वॉटर! चेअर!" सुनेने पाय धुतले आणि वाकून नमस्कार केला. नवऱ्याने तिलाही थोडं मराठी शिकवून पाठवलं होतं. पण फौजी माणूस, त्याने फक्त हुकूम शिकवले होते. या, बसा, वाढा, थांबा.

मग दोघींनी मिळून संसार चालवला. सासू पातेलं दाखवून म्हणे, "राइस?" सून म्हणे, "वाढा." "ब्रिंजल?" "वाढा." तिसऱ्यांदा "ब्रिंजल?" झालं की सून ताटावर आडवी होऊन, "थांबा, थांबा!" त्यांच्या पंगतीत माझं व्याकरणशुद्ध इंग्रजी उगाच लुडबुड करतंय असं वाटे.

नात झाली. पुढे मुलगा आला आणि कविताला व बाळाला आपल्या क्वार्टरवर घेऊन गेला. दुपट्यांशिवाय अंगणातली दोरी बघवेना, म्हणून शेवंताबाईंनी ती सोडूनच ठेवली.

पहिल्या रविवारी कविताचा फोन आमच्या घरी यायचा होता. शेवंताबाई तासभर आधीच येऊन बसल्या.

"बाई, फोनवर बोट दिसत नाई. आज एक क्रियापद शिकवा."

"'ईट' शिकवते. जेवलीस का, विचारता येईल."

"जेवते तर सारेच. तिले माहेर नाई, बाई. दिवाळीले येजो, असं कोनी तर म्हनाले पायजे ना."

मी 'कम' शिकवलं. त्या ते तोंडातल्या तोंडात घोळवत राहिल्या. फोन वाजला तसा त्यांनीच रिसीव्हर उचलला आणि माझ्याकडे पाठ करून अगदी हळू म्हणाल्या, "दिवाळी. होम. कम."

तिकडून काय उत्तर आलं, ते मला ऐकू आलं नाही. मी मधे पडून इंग्रजीत समजावून सांगायला पुढे सरकले, तर शेवंताबाईंनी मला हाताने गप्प बसायची खूण केली आणि मग बराच वेळ, एकही इंग्रजी शब्द न घेता, आपल्या बोलीत सुनेशी बोलत बसल्या.