बॅटरी उतरू नये म्हणून

सावधानरावांचं खरं नाव आता त्यांच्या सासरच्या माणसांनाही आठवत नाही. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे आणि चौथ्यांदा बायकोला ओढायला लावायचे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं. त्यांना ते मनापासून आवडलं. (हा टोमणा आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि बायकोने लक्षात आणून दिलं नाही.)

लेकीच्या बाळंतपणासाठी दोघं दोन महिने तिच्याकडे जाणार होते. मोटार घरीच राहणार. नुसत्या उभ्या मोटारीची बॅटरी उतरते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "काका, बॅटरीची एक वायर काढून ठेवा. बास."

आता इतक्या सोप्या उपायावर सावधानरावांचा विश्वास बसायचा कसा? त्यांनी अख्खी बॅटरीच काढायची ठरवली. तिच्यावरून इंजिनाला हवा पुरवणारा जाडजूड काळा पाइप गेला होता, म्हणून आधी तो काढला. त्याच्या टोकांना आवळून धरणाऱ्या पत्र्याच्या दोन पट्ट्या काढल्या. पाइप निघाल्यावर इंजिनाचं तोंड उघडं पडलं, तर त्यात उंदीर शिरू नये म्हणून हाताला लागलं ते कापड कोंबलं. आणि हे सगळं एकाच जागी ठेवून कसं चालेल? चोराला आयतीच मोटार मिळायची! म्हणून बॅटरी अडगळीच्या खोलीत, पाइप कपाटावर बॅगांच्या मागे, एक पट्टी चहाच्या डब्यात आणि दुसरी शिलाई मशीनच्या खणात गेली.

"चोर आपल्या घरात बसून मोटार जोडणार आहे का?" बायकोने विचारलं.

"सांगता येत नाही," सावधानराव म्हणाले.

नातू झाला. दोन महिने कसे गेले कळलं नाही. घर झाडूनपुसून ठेवायला दोघं आधी परतले. मागोमाग लेक आणि जावई बाळाला घेऊन रेल्वेने येणार होते.

"टॅक्सीबिक्सी काही करायची नाही," सावधानरावांनी जावयाला फोनवर बजावलं. "बाळ पहिल्यांदा आजोळी येतंय. आजोबांच्याच मोटारीतून येणार!"

त्या दिवशी सकाळपासून ते बाह्या सरसावून उभे होते. बॅटरी सापडली. पाइप सापडला. पट्ट्या काही सापडेनात. चहाचा डबा ओट्यावर पालथा झाला, मशीनचा खण जमिनीवर आला.

"अगं, चोरी झाली!"

बायकोने शांतपणे एक प्लॅस्टिकचा डबा पुढे केला. "तुम्ही लपवत होतात, तेव्हाच मागोमाग फिरून गोळा केल्या मी. पट्ट्या आहेत, स्क्रू आहेत, सगळं आहे."

"पण हा डबा चोराला सापडला असता तर?"

"तर त्याचं एव्हाना जोडूनसुद्धा झालं असतं. लागा कामाला."

पाइप आधी उलटा बसला. मग सुलटा बसला, पण पट्टी आवळायची राहिली. अखेर सगळं जागच्या जागी आलं, बॅटरी चढली, किल्ली फिरली. मोटार दोनदा खोकली आणि गप्प झाली. पुन्हा खोकली, पुन्हा गप्प.

"उंदरासाठी काहीतरी कोंबलं होतंत ना?" बायको म्हणाली. "ते काढलंत का?"

सावधानरावांनी निमूटपणे पाइप पुन्हा काढला आणि आतून कापड ओढलं. ते ओढता ओढता लांबतच गेलं. तो त्यांचाच मफलर होता. 'तूच कुठेतरी ठेवलास' म्हणून लेकीकडे दोन महिने ज्याच्यावरून त्यांनी बायकोचं डोकं खाल्लं होतं, तोच! बायकोने तो झटकला आणि त्यांच्या गळ्यात घातला. (बोलली असती तर बरं, असं त्यांना वाटलं.)

पण मोटार मात्र सुरू झाली. झोकात स्टेशनवर पोचली. रेल्वे बरीच उशिरा येणार होती. बायको फलाटावर गेली आणि सावधानराव मोटारीत राखणीला बसले. अंधारून आलं होतं, तेव्हा कुणी येऊन धडकू नये म्हणून त्यांनी दिवे लावले. तेवढ्याने भागेना म्हणून चारही इंडिकेटर लावले. बाळाला उकडू नये म्हणून पंखा लावून ठेवला. इंजिन तेवढं बंद ठेवलं, उगाच पेट्रोल कशाला जाळा?

मंडळी आली. बाळाने प्रवासभर रडून आईबापाला जेरीस आणलं होतं आणि अजूनही त्याचं टिपेत चालूच होतं. सगळे बसले. सावधानरावांनी ऐटीत किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. या खेपेला टक् सुद्धा नाही.

"उतरली," जावई हळूच म्हणाला. "मी ढकलतो, बाबा."

"छे, छे! जावयाने ढकलायची? तुम्ही स्टिअरिंगला बसा!"

मग आजोबा आणि आजी मोटारीच्या मागे लागले. मोटार हलली.

"जोर लावा की!" आजी म्हणाली.

"लावतोय!"

"मग तो माझ्या बाजूनेच का लागतोय?"

फाटकाशी जरा उतार होता. तिथे इंजिन धडधडत सुरू झालं. सावधानराव गुडघे धरून धापा टाकत होते, पण चेहरा फुलला होता. शेवटी नातू आजोबांच्याच मोटारीतून चालला होता ना!

इतक्यात बाळाने गगनभेदी टाहो फोडला. लेकीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, ढकलत होतात तेव्हा छान झोपला होता हो! घरापर्यंत तसंच नेता का?"