मेंढ्यांनी पसंत केलेली आत्या

"आत्या नाही म्हणू देत! मेंढ्या हो म्हणतील!" असं डॉक्टरने चिमणीला छातीठोकपणे सांगितलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

डॉक्टर हे त्याचं टोपणनाव. खरी पदवी मिळायला प्रबंधाचं शेवटचं प्रकरण बाकी होतं. विषय होता, मेंढी माणसाचा चेहरा ओळखते का! चिमणी शेजारच्या खोलीत कोंबड्यांच्या आहारावर संशोधन करायची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. दोघांचं केव्हाच जमलं होतं. घोडं अडलं होतं ते तिच्या घरी. "मेंढरं राखायला एवढं शिकावं कशाला लागतं?" असं बाबांचं म्हणणं. बाबा निदान बोलत तरी होते. त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे चिमणीच्या आत्यांनी, डॉक्टरचं नाव ऐकून नुसती एक भुवई उचलली होती. आणि त्या घरात आत्यांच्या होकाराशिवाय दुधालासुद्धा उकळी फुटत नसे!

डॉक्टरचा बेत सोपा होता. मेंढ्यांच्या शेडमध्ये दोन खिडक्या होत्या. एकीवर चिमणीने आणून दिलेला बाबांचा मोठा फोटो, दुसरीवर भलत्याच कुणाचा. मेंढी बाबांकडे गेली की मूठभर खुराक, दुसरीकडे गेली की ठेंगा. चेहराही लक्षात राहण्याजोगा होता. रुंद कपाळ, बाकदार नाक आणि त्याखाली अख्खा ओठ झाकून टाकणारी काळीभोर मिशी. होता होता असं झालं, की फोटो कुठल्याही खिडकीत लावा, माहेरचं माणूस दिसल्यासारख्या मेंढ्या तिकडे पळत सुटायच्या!

"फोटो ओळखतात, मान्य," सर म्हणाले. सर म्हणजे डॉक्टरचे मार्गदर्शक. "आता तो खरा माणूस आणून उभा कर. त्याच्याकडे गेल्या, की प्रबंधावर माझी सही!"

"बघ!" डॉक्टर चिमणीला म्हणाला. "मेंढ्या बाबांकडे धावणार, बाबा विरघळणार, सर सही करणार. सगळं एका दमात!"

"आणि आत्या?"

"त्यांनाही आण! बघू देत भावाचा मान!"

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, ती अशी.

रविवारी बाबा गाडीतून उतरले आणि डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं. मिशी नव्हती!

"बाबा! मिशी कुठे गेली?" चिमणी किंचाळली.

"काढली," बाबा वरचा ओठ चाचपत म्हणाले. "ऑफिसात कुणीतरी म्हणालं, मेंढ्या केस उपटून खातात. धोका पत्करायचा कशाला?"

डॉक्टरला वाटलं, शेडमध्ये पडलेली लोकर उचलावी आणि त्यांच्या ओठाला चिकटवावी. पण लोकर पांढरी होती, आणि सर पेन उघडून उभे होते.

बाबा जीव मुठीत धरून आत गेले. वीस मेंढ्यांनी माना वर केल्या. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाकडे आपण जसं बघतो, तसं बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागल्या.

"या ना," बाबा म्हणाले बिचारे.

एकही हलली नाही. सरांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात आत्या दारात आल्या. "शी! काय हा वास!" म्हणत त्यांनी पर्समधून काळा रुमाल काढला, त्याची लांबट घडी केली आणि नाकाखाली दाबून धरली. भावाचंच रुंद कपाळ! भावाचंच बाकदार नाक! आणि त्याखाली ओठ झाकून टाकणारं ते काळंभोर!

कळपात पुढारीण म्हणून एक मेंढी होती. तिने निरखून बघितलं, "बें!" केलं, आणि अख्खा कळप सुटला!

"अगं बाई! अरे, धरा यांना!"

कोण धरणार? एक हात चाटतेय, एक गुडघ्याला डोकं घासतेय, पुढारीण पर्समध्ये तोंड घालून खुराक शोधतेय! घाबरून आत्यांनी रुमाल आणखी घट्ट दाबला, तशा मागे रेंगाळलेल्या चार जणीही धावत आल्या.

आणि मग आत्या चक्क हसल्या! चिमणीने जन्मात हे दृश्य पाहिलं नव्हतं.

"मुक्या जनावराला माणूस कळतो हो!" रुमाल बाजूला करून त्या भावाला म्हणाल्या. "तुझ्याकडे ढुंकून तरी बघितलं का? आणि मुलगाही चांगला दिसतोय. जनावरांना इतका लळा लावणं सोपं नाही!"

चिमणीने आनंदाने डॉक्टरला चिमटा काढला. जमलं! आता फक्त सगळ्यांनी गप्प राहायचं होतं.

पण सरांना जगात दोनच गोष्टी प्रिय होत्या, एक मेंढ्या आणि दुसरं सत्य. "बाई, यात लळाबिळा काही नाही!" ते नाचायचेच बाकी होते. "हा विज्ञानाचा विजय आहे! त्या खिडकीतला फोटो बघा. मेंढ्यांना आम्ही तो चेहरा शिकवलाय, आणि त्या तुमच्याकडे आल्या!" टोपण पुन्हा निघालं. "का आल्या ते सांग रे यांना. तुझा प्रबंध आहे!"

आत्यांनी फोटो बघितला. मिशी बघितली. हातातला रुमाल बघितला. हसू मावळलं.

"मुला, माझ्याकडे बघून खरं सांग. मी याच्यासारखी दिसते? मिशीवाली?"

 पुढारीण निवांत पर्सचा पट्टा चघळत होती.

इकडे आड, तिकडे विहीर! हो म्हणावं तर चिमणी गेली. नाही म्हणावं तर प्रबंध गेला. डॉक्टरने पेनाकडे बघितलं. चिमणीकडे बघितलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते.

"मुळीच नाही, आत्या!"

"अरे, मग त्या यांच्याकडे का गेल्या?" सर ओरडले. "मेंढी चेहरा ओळखते असं तूच लिहिलंयस ना?"

"चुकीचं लिहिलंय, सर." डॉक्टर म्हणाला. "मेंढीला चेहरा ओळखता येत नाही. तिला काही म्हणजे काही कळत नाही!" हे बोलताना त्याच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. इतक्या हुशार मेंढ्या, आणि त्यांच्याच तोंडावर!

सरांनी पेन खिशात टाकलं.

आत्या डॉक्टरच्या त्या डबडबलेल्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मग भावाकडे वळल्या.

"बघितलंस? एवढी पदवी हातची गेली, पण पोरगा खोटं बोलला नाही! असा जावई दिवा घेऊन शोधलास तरी सापडायचा नाही. लग्न ठरव!"

चिमणीने डोळे उघडले. बाबांनी डॉक्टरला मिठी मारली. सरांनीही पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला.

"अभिनंदन," ते म्हणाले. "सोमवारी ये. शेळ्यांपासून सुरुवात करू."