बाधित सभासदाने समक्ष हजर राहावे

कामोठ्यातल्या सुखनिवास सोसायटीची लिफ्ट सोमवारी सकाळी बंद पडली. सोसायटीकडे आपत्कालीन निधी होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे सिद्ध व्हायला मात्र शुक्रवार उजाडला.

निधीची कल्पना सेक्रेटरी सुयशची. हा तरुण नोकरी सांभाळून शनिवार-रविवार लोकांना पैशाचं नियोजन शिकवायचा. माणूस असो की संस्था, सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवाच, हे त्याने तीन वर्षांपूर्वी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून सगळ्यांना पटवलं होतं. सल्ला खरोखर चांगला होता. पैसेही जमले. पण ते कधी काढायचे याचे नियम लिहायचं काम सातव्या मजल्यावरच्या रावसाहेबांकडे गेलं आणि तिथे घात झाला. रावसाहेबांनी सरकारी लेखा शाखेत चौतीस वर्षं काढली होती. नियमात फट राहिली की पैसा गळतो, यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांनी एकही फट ठेवली नाही.

कलम दोन: आपत्काल म्हणजे ज्याची पूर्वकल्पना कोणासही नव्हती असा प्रसंग. कलम तीन: निधीसाठीचा अर्ज बाधित सभासदाने तळमजल्यावरील कार्यालयात समक्ष हजर राहून करावा. टाळ्या पडल्या, समोसे वाटले गेले आणि रावसाहेबांच्या सहीची ती नियमावली लॅमिनेट होऊन कार्यालयाच्या भिंतीवर चढली. मुलीच्या पदवीदानाच्या फोटोकडे बघावं तसे ते येता-जाता तिच्याकडे बघत.

आता लिफ्टची मोटर जळाली होती आणि शुक्रवारी रावसाहेबांच्या बायकोच्या, बयाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. चार महिने थांबून मिळालेली तारीख. ऑपरेशनला जायचं तर सात मजले उतरायला हवेत, आणि सात मजले उतरता आले असते तर ऑपरेशन कशाला हवं होतं?

मंगळवारी खाली तातडीची सभा भरली. गणसंख्या नाही म्हणून ती अर्धा तास तहकूब झाली आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर, त्याच माणसांनिशी कायदेशीर झाली.

"मेकॅनिकने दिवाळीतच सांगितलं होतं, मोटर जाणार म्हणून," सुयश म्हणाला. "म्हणजे पूर्वकल्पना होती. हा आपत्काल होत नाही."

"मग काय होतं?" रावसाहेबांनी विचारलं.

"दुर्लक्ष. त्यासाठी निधी नाहीये, काका."

चेअरमन हरेश मूळचा इथल्याच गावातला. जमीन गेली, फ्लॅट आले, आणि तो पहिल्या मजल्यावर राहायला आला. "आमाला काय तरास नाय," तो म्हणाला. "पन वरच्यांना इचारा ना."

"वरचे बहुतेक आलेच नाहीत," सुयश म्हणाला. "जे आले ते जिन्याने आले. म्हणजे हजर सभासदांपैकी शंभर टक्के लोकांचं लिफ्टवाचून अडलेलं नाही. काका तर सातव्यावरून आलेत."

काकांना अजून दम लागलेला होता, त्यामुळे लगेच बोलता आलं नाही. इतिवृत्तात त्याची नोंद 'हरकत नाही' अशी झाली.

श्वास परत आल्यावर रावसाहेबांनी अर्ज पुढे केला. सुयशने तो अदबीने परत दिला. फ्लॅट बयाबाईंच्या नावावर होता. मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो म्हणून रावसाहेबांनीच तो तसा घेतला होता. सभासद त्या. हे सभासदाचे यजमान.

"मग तिची सही आणतो."

"समक्ष, काका. कलम तीन."

"अरे, तिला खाली येता येत नाही म्हणून तर अर्ज आहे."

"बरोबर. तेच त्यांनी खाली येऊन लिहून द्यायचंय."

व्हिडिओ कॉलचा उल्लेख नियमात नव्हता. तो घालायचा तर सर्वसाधारण सभा हवी, आणि तिला चौदा दिवसांची नोटीस हवी.

"आणि वर कुणी मेलं तर?" रावसाहेबांचा आवाज चढला.

"मरण येणार याची पूर्वकल्पना सगळ्यांनाच असते." सुयश मनापासून हळहळला. "तुम्ही नियम लिहिलेत फार पक्के, काका."

लाज वाटायला हवी होती त्या क्षणीही रावसाहेबांना थोडं बरं वाटलं.

वर बयाबाई पाय शेकत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "कोन्या शान्यानं लिवलेत असले नियम?"

"कमिटीनं," रावसाहेब म्हणाले आणि पाणी प्यायला आत गेले.

शुक्रवारी सकाळी हरेश आपल्या तीन भावांना घेऊन वर आला. बरोबर प्लास्टिकची खुर्ची. "काकी, घट धरा. घाबरू नका, आमी हाय ना." बयाबाईंनी डोळे मिटले. मागून रिपोर्टांची फाईल छातीशी धरून रावसाहेब उतरत होते. प्रत्येक वळणावर खुर्ची कलली की ते दोन पायऱ्या एकदम उतरून जवळ येत. ती पडली तर काय, याचं कलम त्यांनी लिहिलेलं नव्हतं. ते फार घाबरले होते.

तळमजल्यावर बयाबाईंनी खुर्ची कार्यालयासमोर थांबवायला लावली. "आले ना आता समक्ष? आना अर्ज."

सुयशने रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि थांबला. "पण काकी, तुम्ही खाली आलात. म्हणजे तुम्ही आता बाधित राहिला नाहीत."

बयाबाईंनी भिंतीवरची नियमावली वाचली, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग रिक्षा हॉस्पिटलला निघाली.

"सही लई झोकात केलीय तुमी," स्ट्रेचरवर निजताना त्या म्हणाल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. दोन महिने जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून बयाबाई खारघरला मुलीकडे, संघप्रियाकडे राहिल्या, तिथली लिफ्ट चालते. रावसाहेब सातव्या मजल्यावर एकटे खिचडी खातात. निधीवर मात्र व्याज मिळतंय. त्याला तीन वर्षांत कुणाचा हात लागलेला नाही, ही ख्याती पार पनवेलपर्यंत पोचली आणि बाकीच्या सोसायट्या नियमावलीची प्रत मागू लागल्या.

रावसाहेब ती टाइप करायला बसले तेव्हा कलम तीन खोडायचं त्यांनी अगदी मनापासून ठरवलं होतं. पण तीन गेलं की चारचं तीन होतं, पाचचं चार होतं आणि सगळी क्रमवारी बिघडते. त्यांनी ते राहू दिलं. फक्त शेवटी एक ओळ वाढवली: नियमावली तयार करणाऱ्याच्या कुटुंबास वरील अटी लागू नाहीत.

आतापर्यंत सव्वीस सोसायट्यांनी ती एकमताने मंजूर केली आहे. त्यांत तुमचीही आहे. तुम्हाला आठवत नसेल, कारण त्या संध्याकाळी तुम्हाला नेमकं दुसरं काम निघालं होतं. काळजी नसावी. गैरहजर सभासदांची संमती गृहीत धरण्यात आली आहे.