मार्फत अँथुरियम

नगरच्या केडगावात राहायला आलो त्या पहिल्याच सकाळी मी शेजारच्या तात्यांना एका कुंडीशी बोलताना पाहिलं. धोतर, बनियन, हातात तांब्या, आणि समोर मोठ्या हिरव्यागार पानांचं, लालभडक फुलांचं एक झाड. तात्या त्या झाडाला विचारत होते, "काल भाजीत मीठ घालायचं इसरलं का कुनी? आपलं सहज इचारतोय. नाव कुनाचं घेत न्हाई."

झाड अर्थातच गप्प राहिलं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका बाईचा आवाज आला, तोही झाडालाच उद्देशून.

"अगं बाई, डॉक्टरांनी बीपीला मीठ कमी सांगितलंय म्हनावं. आन् चहा निवतोय म्हनावं."

"येतो म्हनावं," तात्यांनी झाडाला सांगितलं आणि तांब्या ठेवून ते आत गेले.

मी बायकोला म्हटलं, शेजार काही ठीक दिसत नाही. ती म्हणाली, सामान अजून सोडलेलं नाही, आत्ताच काय ते ठरव. आम्ही सामान सोडलं, आणि सोडलं ते बरंच झालं.

तात्या कोपरगावकडचे. सगळा जन्म उसात गेला. मुलगा दत्ता इथे एमआयडीसीत नोकरीला लागला, त्यानं केडगावात घर बांधलं आणि आईवडिलांना घेऊन आला. शेती धाकट्या भावाकडे गेली, पण शेतीची भाषा तात्यांबरोबर इकडे आली. कॉलनीत नळाला पाणी आलं की ते, कालव्याला पाणी सुटावं तसं, "आवर्तन सुटलं" म्हणतात. शेवटच्या घराला पाणी पोचलं नाही तर "टेलच्या मानसाचं हाल कुत्रं खात न्हाई" म्हणतात. बाकी जगातल्या कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर असतं, "रीत हाय." असं का, तसं का, हे विचारायची सोय नाही. रीत म्हणजे रीत.

त्यांच्या घरची रीत अशी की सुनेनं सासऱ्याशी तोंडातोंडी बोलायचं नाही आणि सासऱ्यानं सुनेला हाक मारायची नाही. जे काही बोलायचं ते सासूबाईंमार्फत. सासूबाई हयात होत्या तोवर हे टपाल बिनबोभाट चालायचं. "त्यांना सांग, गोळी घ्या." "तिला सांग, घेतली." मग सासूबाई गेल्या आणि टपाल बंद पडलं. दत्ता सकाळी कामावर जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. दिवसभर घरात दोन माणसं, आणि कुकरच्या शिट्टीखेरीज आवाज नाही.

पुढची हकिगत माझ्या बायकोला खुद्द त्या सुनेनं, मनीषानं सांगितली. तिनं रस्त्यावरच्या नर्सरीतून हौसेनं एक अँथुरियम आणलं आणि ओट्यावर ठेवलं. उन्हाळ्याचे दिवस होते. भर दुपारी तात्या टोपी घालून बाहेर निघाले. मनीषाला राहवेना. ती झाडाकडे तोंड करून म्हणाली, "एवढ्या उन्हात कुनी भाईर जातं का गं?"

तात्या उंबऱ्यातच थांबले. झाडाकडे बघत त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "न्हाई जात." टोपी खुंटीला गेली आणि टपाल पुन्हा सुरू झालं.

आता अशा झाडाला जपायला नको? आणि जपायचं कुठे, तर नगरच्या हवेत, जिथे धुतलेलं धोतर वाळत घालून मागे वळेपर्यंत कडक होतं. या झाडाला हवी सावली, ओलसर हवा आणि गोडं पाणी. आमच्याकडे ऊन, फुफाटा आणि बोअरचं खारं पाणी. तात्यांनी तोड काढली. घरातल्या फिल्टरचं पाणी झाडाला, आणि बोअरचं स्वतःला. कुंडीभोवती ओलं गोणपाट. ओट्यावरच्या कूलरचं तोंड झाडाकडे, आणि तात्या कूलरच्या पाठीमागे, घामानं निथळत, उपरण्यानं वारा घेत बसलेले. मी म्हटलं, तात्या, जरा समोर येऊन बसा की. तर म्हणाले, "मास्तर, मला घाम येतो, तो वाळला की गार वाटतं. तिला कुठं घाम येतोय?" मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे घामाच्या शास्त्रात माझं काही चाललं नाही.

एकच गोष्ट त्यांना सहन होत नसे. या झाडाचं फूल इतकं चकचकीत असतं की येणारा प्रत्येक जण विचारी, "प्लास्टिकचं आहे का?" मग त्या पाहुण्याला चहा उशिरा मिळे. एकदा कोपरगावहून त्यांचे भाऊ आले. झाडाला एक चक्कर मारून, उसाच्या बांधावर उभं राहावं तसे कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "तात्या, ह्याचं टनेज काय?" तात्या म्हणाले, "टनेज न्हाई." "मग देवाला चालतं?" "देवाला जास्वंद हाय." "मग शेरडं तरी खात्यात का?" तात्यांनी झाडाच्या पानावरची नसलेली धूळ पुसली आणि म्हणाले, "हे बोलायचं झाड हाय." भाऊ त्या दिवशी दत्ताला बाजूला घेऊन तात्यांची झोप कशी आहे वगैरे विचारून गेले.

खुद्द तात्यांना एक शंका मात्र छळायची, ती कुंडीतल्या मातीची. या झाडाला माती नसतेच. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे, एवढ्यावर ते उभं असतं. ज्या माणसाच्या नखात जन्मभर गोदाकाठची काळी माती, त्याला हे बघवत नव्हतं. "ही काय माती हाय? ही तर इझवलेली चूल हाय," ते म्हणत. खिडकीतून आवाज येई, "मुळ्यांना हवा लागती म्हनावं. कायबी घालायचं न्हाई म्हनावं." मग तात्या हात मागे घेत.

गेल्या वर्षी दत्ताची बदली कोचीला झाली. म्हणजे झाड नगरला राहिलं आणि माणसं झाडाच्या हवापाण्यात गेली. तात्यांनाही नेणार होते, पण तात्या हलेनात. तिकडे खोबरेल तेलात भाजी करतात, भाकरी मिळत नाही, झाडाला कोण बघेल, अशी कारणं त्यांनी ओळीनं दिली. गाडी निघून गेल्यावर मी म्हटलं, तात्या, गेला असतात तर बरं झालं असतं. तेव्हा ते झाडाकडे न बघता माझ्याशी बोलले. "दोन खोल्याचं घर हाय तिथं, मास्तर. मी गेलो की पोरीनं दिसभर डोईवरचा पदर सावरायचा. तिनं कवा पाय पसरून बसायचं?"

त्यानंतर आमचे रविवार सुरू झाले. रविवारी सकाळी कोचीहून व्हिडिओ कॉल यायचा. आधी दत्ता. "बरं हाय ना?" "बरं हाय." बापलेकांचं एवढ्यात संपायचं. मग फोन मनीषाकडे जायचा आणि इकडे तात्या मला हाक मारायचे, कारण त्यांना दोन्ही हात पानं उलटून दाखवायला मोकळे लागत. फोन धरायचं काम माझं. कॅमेरा झाडावर. तिकडून मनीषा झाडाला विचारायची, "गुडघा कसा हाय म्हनावं?" तात्या झाडाला सांगायचे, "चढताना दुखतो म्हनावं." मग बाजरी संपली का, दूधवाला पाणी घालतो का, गोळ्या वेळेवर चालल्यात का. दोन्हीकडून इतकं "म्हनावं" व्हायचं की मी घरी येऊन बायकोला "चहा दे म्हनावं" म्हणू लागलो होतो. पोरगी कोचीत बसून फोनवर सासऱ्यासाठी डोक्यावर ओढणी घ्यायची, कॅमेरा झाडावर असला तरी.

माझ्या बायकोनं एकदा एक गोष्ट हेरली. मनीषाच्या मागे बाल्कनीत अँथुरियमच्या कुंड्यांची रांग होती, ढोपराएवढी वाढलेली. "आणि ही चौकशी करते आपल्या या किडमिड्या झाडाची," बायको म्हणाली. तात्यांनाही हे कळत असणार. पावसाळ्याच्या तोंडी ते मला म्हणाले होते, "ही उभी हाय तवर फोन हाय, मास्तर. माज्याशी बोलायला पोरीकडं दुसरं निमित्त काय?"

आणि त्याच पावसाळ्यात तात्यांनी ते करून ठेवलं जे फक्त ऊसवालाच करू शकतो. झाडाला बुडातून नवे फुटवे आले. फुटवे दिसले आणि तात्यांच्या अंगात जुना शेतकरी जागा झाला. उसाला फुटवे आले की बांधणी करायची, बुडाला मातीची भर लावायची, ही जन्माची सवय. खिडकीत नको म्हणणारं कुणी नव्हतं. भावाला सांगून टेम्पोतून काळी माती आणि खताला साखर कारखान्याची मळी मागवली, आणि मोठ्या प्रेमानं झाडाला गळ्यापर्यंत भर लावली. वर एक आवर्तनही सोडलं. मला बोलावून दाखवलं. "आता बघा कसं टरारतं."

झाड टरारलं नाही. पानं आधी पिवळी पडली, मग खाली लवली. तात्यांनी माती उकरली तर बूड काळं पडून मऊ झालेलं. ते म्हणाले, "खोडवा येईल." ऊस तोडल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटतो, त्याला खोडवा म्हणतात.

त्या दिवसांतले रविवार मोठे कसरतीचे गेले. एकच पान जरा बरं होतं. तात्या मागून त्याला काडीचा टेकू द्यायचे आणि मी कॅमेरा नेमका त्या पानावर धरायचा, जरा इकडे-तिकडे हलायची सोय नाही. मनीषा म्हणायची, "पान कसं टवटवीत हाय म्हनावं." तात्या काडी घट्ट धरून म्हणायचे, "हाय म्हनावं."

एका शनिवारी तेही पान हातात आलं. रविवारी सकाळी मी स्कूटर काढली. म्हटलं, चला, नर्सरीत अगदी असंच मिळेल, फोन यायच्या आत आणून ठेवू. तात्या जागचे हलले नाहीत. "आन् हीच ती म्हनून सांगायचं? इतकी वर्सं तिच्यापुढं बोललो, खोटं न्हाई बोललो." काडीचा टेकू ते खोट्यात धरत नसावेत.

फोन आला. दत्ताचं "बरं हाय ना" झालं. मग मनीषा आली. मी सवयीनं कॅमेरा कुंडीवर धरला. कुंडीत काळी माती होती आणि दुसरं काही नव्हतं. मग तात्या म्हणाले, "मास्तर, कॅमेरा माज्याकडं फिरवा."

मी फिरवला. मनीषानं घाईघाईनं ओढणी पुढे ओढली.

"मनीषा," तात्या म्हणाले. हे नाव त्यांच्या तोंडून मी तोवर ऐकलेलं नव्हतं, आणि तिनंही नसावं. "झाड गेलं गं. भर लावली मी, उसागत. माज्या हातानं घालवलं."

ती खाली बघत होती. मग म्हणाली, "मला ठाव हुतं, तात्या. पानामागली काडी दिसायची."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, झाड गेलं असं एकदा झालं, की तुमी फोनवर यायचंच बंद कराल."

माझा हात भरून आला होता. मी फोन कुंडीला टेकवून ठेवला आणि चपला शोधायला लागलो. तात्या गुडघ्यावर हात ठेवत कष्टानं खाली बसले, आणि फोनच्या इतके जवळ गेले की तिला नुसत्या मिशाच दिसत असतील.

"बोल," ते म्हणाले. "हाय मी. माज्याशीच बोल."

मग मनीषा म्हणाली, "हिकडं लई एकटं वाटतं, तात्या. दिसभर कुनी बोलाया न्हाई."

तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, मग फोनची काच पुसली.

"मलाबी, पोरी," ते म्हणाले.