मैना छाप

आमच्या शेजारचे नाना टीव्हीवर जाहिरात लागली की भिंतीकडे तोंड करून बसतात. दोन्ही कानांत बोटं. घरात कोणी पाहुणा असला तर त्यालाही वळायला लावतात.

एकदा माझ्या मुलीला बघायला मंडळी आली. आमच्या घरात मावेनात, म्हणून नानांकडे बसवली. मी पोहे घेऊन गेले तर मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा, सगळे ओळीने भिंतीकडे तोंड करून बसलेले. लग्न काही जमलं नाही. नाना म्हणाले, "बरा झाला गो. चेडवाक जाहिरात बगल्यासारखे बगीत होते."

चारकोपला आमची बैठी घरं आहेत. दोन्ही घरांत मिळून मधली भिंत एकच. मी इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये चहाच्या डब्यांवर लेबलं चिकटवायचं काम करते. मी दिवसभर चिकटवते आणि नाना दिवसभर सोलतात. त्यांच्या घरात एका डब्यावर, एका बाटलीवर नाव सापडायचं नाही. टूथपेस्टलाही पांढरा कागद गुंडाळलेला. त्यापायी एकदा त्यांनी गुडघ्याच्या मलमाने दात घासले. सकाळभर तोंड उघडं टाकून ओट्यावर बसले होते.

मी म्हटलं, "नाना, नाव राहू दिलं असतं तर?"

"तोंड जळला तर जळला," ते म्हणाले. "डोक्या माझा माझ्याकडेच ऱ्हवला ना?"

हे वेड त्यांनी अंधेरीहून आणलं. त्यांची मिल बंद पडल्यावर ते तिकडे जाहिराती बनवणाऱ्या एका ऑफिसात शिपाई होते. मीटिंगमध्ये चहा ठेवता ठेवता त्यांनी सगळं ऐकलं. आधी आई दाखवा, बघणाऱ्याचे डोळे भरून आले की तेल दाखवा. आधी बाईला लाज वाटू दे, मग साबण पुढे करा. बघणाऱ्याला कळता कामा नये, पण आत गेलं पाहिजे.

"माणसाच्या डोक्याक माळो असता," नाना मला सांगायचे. "आपण खाली बसान ऱ्हवतो. जाहिरात शिडी न लावता माळ्यार चडता. आपल्याक पत्तो नाय. मग कधीतरी दुकानात उभो ऱ्हवलो की वरसून धपकन खाली पडता."

मला हे पटायचं नाही. पण एकदा ते हळद आणायला गेले आणि शाम्पूची पुडी घेऊन आले. नानांच्या डोक्यावर एक केस नाही. पुडी तळहातावर धरून ते कितीतरी वेळ बघत राहिले. "माझ्या तोंडान मागल्यान कोणी?" त्या दिवसापासून सोलायचं काम जोरात सुरू झालं.

मी कामावरून आले की थोडा वेळ नानीजवळ बसते. नानी म्हणजे त्यांची बायको. पण सरळ आत जायची सोय नव्हती. नाना चष्मा लावून दारात उभे. "थांब. फिर." मी गोल फिरायची. बाहीवर, पाठीवर कुठे लेबल चिकटलेलं दिसलं की काठीने लांबूनच दाखवायचे, आणि मी ते काढून टाकल्यावरच आत सोडायचे. मला मेलीला लाज वाटायची. येणारे-जाणारे बघायचे.

दोन वर्षांपासून नानीला विसर पडायला लागला. आधी गॅस विसरली, मग नातीला, मग गाव. शेवटी बोलणंच थांबलं. नाना रोज सकाळी तिच्यासमोर बसून विचारायचे, "मी कोण?" ती त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघायची. पण नाना हटले नाहीत. गावच्या देवीचं नाव घेऊन झालं. तिथल्या दारातल्या आंब्याचं घेऊन झालं. मिलमधल्या साच्याचा, म्हणजे मागाचा, खटखट आवाजसुद्धा तोंडाने काढून झाला. मला म्हणाले, "तिचो आवाज मी भायर काडतलंयच." कुणाशी भांडायला निघाल्यासारखं बोलले.

एके दिवशी माझ्या कोपराच्या मागे एक लेबल राहून गेलं. नानांच्या नजरेतून सुटलं. मी नानीची वेणी घालायला बसले, तर तिने माझा हात धरला. मैना छाप चहाचं लेबल. एका कपावर बसलेल्या दोन मैना. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि चक्क गायला लागली.

"एक तुला, एक मला,
पाहुणे आले, अजून घाला."

आणि मग त्या जाहिरातीतल्या बाईसारखी मान वळवून म्हणाली, "अहो, चहा झाला!"

फार जुनी जाहिरात. आता लागतही नाही.

नाना मोरीतून ओल्या हातांनी धावत आले. तिच्याकडे बघितलं, मग माझ्या कोपराकडे. मी घाबरून लेबल सोलायला घेतलं.

"हात लावू नको!" ते ओरडले.

नानी त्यांना जन्मात कधी 'अहो' म्हणाली नव्हती. गावच्या रीतीने 'आयकलात?' म्हणायची. मी तशी कमी बोलते, पण त्या दिवशी नको ते बोलून गेले. "नाना, ती जाहिरातीतली ओळ आहे."

"माका ठाव आसा गो," नाना म्हणाले. "चाय कोणाची, ओळ कोणाची, सगळा ठाव आसा. पण हाक माकाच मारल्यान ना? घरात दुसरो कोण आसा?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दारात अडवलं, ते लेबलं आण म्हणून सांगायला. आमच्याकडे वाकडी छापलेली लेबलं फेकून देतात, ती मी सुपरवायझरला विचारून आणली. नानांनी ती मिठावर लावली, डाळीवर लावली, मलमावरही लावली. आता त्यांच्या घरात सगळा चहाच आहे. साखर कशी सापडते विचारलं तर म्हणाले, "उगडून बगतंय."

रोज चार वाजता भिंतीपलीकडून नानांचं गाणं येतं. फाटका आवाज, सुराचा पत्ता नाही. 'तुला'चं 'तुका' होऊ देत नाहीत, जाहिरातीत होतं तसंच्या तसं म्हणतात. कधी नानी लगेच उत्तर देते, कधी चार-चार दिवस देत नाही. नाना थांबत नाहीत.

काल मी गेले तेव्हा ते तिच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. गात होते. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. समोरचा चहा निवून त्यावर साय धरली. मला वाटलं, आज काही नाही. मी उठले, तेवढ्यात नानी म्हणाली, "अहो, चहा झाला."

नाना शेजारीच होते. तरी काठी घेऊन उठले, बाहेर ओट्यावर गेले, पायांत चपला घातल्या. मग लांबून आल्यासारखे दारात चपला काढून आत आले आणि म्हणाले,

"इलंय गो, इलंय."