नाना वकिलांचे पावसाळी जावई

मुलीचे स्थळ पाहायला गेलेला बाप मुलाची मिळकत विचारतो, शेती विचारतो. फारच चिकित्सक असला तर घराण्यात कोणी वेडे आहे का तेही विचारतो. अकोल्यातले आमचे शेजारी नाना वकील अंगण विचारीत. "मोकळं किती हाय? भिंत आड येत नाही ना?" अंगण पसंत पडले की पत्रिका जुळलीच. थोरली अशी अकोटला पडली, मधली अमरावतीला, आणि दोघींच्या रुखवतात लाडवांशेजारी एकेक पर्जन्यमापक मांडला होता; जावयाने अंगणातला पाऊस रोज मोजून नानांना कळवायचा. अकोटच्या विहीणबाईंनी त्यात एकदा ताक ठेवले. नाना हळहळले, "एका दिसाचा पाऊस नासला!"

नानांचे म्हणणे असे, की पाऊस तालुक्याचा नसतो, शिवाराचा असतो; आणि औंदा कोरडे राहिलेले शिवार पुढल्या साली न्हाऊन निघते. कचेरीच्या आवारातल्या एका मापकात पडेल तोच साऱ्या तालुक्याचा पाऊस, हे सरकारी गणित त्यांना सोसत नसे. "साहेब जेवला म्हणून साऱ्या वऱ्हाडाले ढेकर येते काय?" असे ते भर कोर्टात विचारीत. मुन्सफ हसत आणि निकाल विरुद्ध देत.

धाकट्या कुसुमला त्याच कचेरीतल्या शिरस्तेदारांचे स्थळ चालून आले. मुलगा नागपुरात शिकलेला. शिरस्तेदार रावसाहेब किताबाच्या वाटेवर होते, त्यामुळे साहेबाला जे आवडेल तेच त्यांच्या लेखणीतून उतरे. मंडळी मुलगी पाहायला येणार त्याच्या आदल्या दिवशीच नानींनी नानांना बजावले, "हे स्थळ गेलं तर पोरगी घरातच राहीन. उद्या पावसाचं नाव काढू नका."

नाना "बरं" म्हणाले आणि खरोखर चिवडा संपत येईपर्यंत गप्प राहिले. मी शेजारीच बसलो होतो. शिरस्तेदार मिशी पुसत म्हणाले, "यंदा मी वर लिहून दिलंय, तालुक्यात पीक सोळा आणे. शेतसाऱ्याची सूट मागायला येईल त्याला दारातूनच वाटेला लावतो. पाऊस काय, सगळीकडे सारखाच!"

दाराआड नानींच्या बांगड्या वाजल्या. नानांनी बशी खाली ठेवली.

"पूर्णेपल्याड गेलते का औंदा?"

"माझा अहवाल गेला आहे, वकीलसाहेब."

"मंग वापस बोलवा. खोटा हाय तो. तिकडं कपाशी गुडघ्याले लागली नाही."

"तुम्हाला मुलगी द्यायची आहे की साक्ष?"

"मुलगीच द्याची हाय. म्हणून तर आत्ताच सांगून राहिलो. मागून कळलं तर फसवलं म्हणान."

मंडळी उठली. वकिलांच्या बाररूममध्ये बातमी नानांच्या आधी पोचली : नानांचा जावई पुरात वाहून गेला. नानींनी अबोला धरला.

काही दिवसांनी संध्याकाळी मी गेलो तो बाणेदार पुरुषाचे अभिनंदन करायला. नाना ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. "मास्तर," ते म्हणाले, "आता कुसुमसाठी कोनी यील का हो?" माझी चांगली तयार केलेली वाक्ये खिशातच राहिली.

सर येऊन गेली होती, थोडी भुरभुर चालू होती. अंगणातल्या मापकातला पाऊस मोजायची वेळ झाली तरी नाना हलले नाहीत. मी आठवण केली तसे म्हणाले, "राहू द्या. काय करता मोजून?"

तेवढ्यात काचेची नळी घेऊन, पदर खोचून कुसुम अंगणात उतरली.

"कुसुम, आत ये!"

"तुमी बसा नाना. शिरस्तेदार मोजनार हायेत का?" असे म्हणून ती मापकापाशी वाकली.

मागोमाग नानी छत्री घेऊन बाहेर आल्या. त्यांनी ती लेकीच्या डोक्यावर धरली, आणि नेमकी मापकावरही. मापकाच्या आसपास छत्री म्हणजे नानांच्या लेखी खुनाचा गुन्हा. मी गर्जनेची वाट पाहिली.

नानांनी त्या छत्रीखालच्या दोघींकडे पाहिले. मग मला हळूच म्हणाले, "धरू द्या. पोरगी भिजून राहिली ना."